कादंबरी लिहायला घेण्याआधी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पहिली कादंबरी लिहू पाहणाऱ्यांकडून जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, ते इथे एकत्र केले आहेत. सगळे प्रश्न प्रत्यक्ष लिहायला बसण्याच्या आधीच्या टप्प्यातले आहेत: सुचणं, निवडणं, जुळवाजुळव, माहिती गोळा करणं. बोलणं हवेत राहू नये म्हणून एकच उदाहरण शेवटपर्यंत वापरलं आहे, १२ जुलै १९६१ चा पानशेतचा पूर (धरण फुटून पुण्यात आलेला) आणि पुण्याच्या नारायण पेठेत छापखाना चालवणारं एक कुटुंब. पूर खरा आहे, कुटुंब काल्पनिक.

१. माझ्या डोक्यात फक्त एक दृश्य आहे. एवढ्यावर कादंबरीचा विचार सुरू करता येतो का?

येतो. पुष्कळ कादंबऱ्या अशाच सुरू होतात. त्या दृश्यावर लगेच पानंच्या पानं लिहू नका, आधी त्याला प्रश्न विचारा.

समजा दृश्य असं आहे: चिखलाने भरलेल्या खोलीत एक बाई जमिनीवर बसली आहे आणि बादलीतल्या पाण्यात छपाईचे शिशाचे खिळे धुऊन एकेक अक्षर वेगळं करते आहे. ही कोण? छापखाना तिचा आहे का? हे काम तिला कुणी सांगितलं, की कुणीच सांगितलं नाही म्हणून ती करते आहे? घरातली पुरुषमाणसं कुठे आहेत? तिला अक्षरं उलटी वाचता येतात, ती कधी शिकली? पंधरा-वीस प्रश्न लिहून काढा. त्यातल्या दोन-तीन प्रश्नांची उत्तरं तुम्हाला देता येत नसतील आणि ती शोधायची ओढ वाटत असेल, तर तिथे कादंबरी आहे. सगळी उत्तरं एका बैठकीत मिळाली तर बहुधा ती कथा आहे. मग कथा लिहा.

२. "पानशेतच्या पुरावर कादंबरी लिहायची" एवढं ठरलंय. आता पुढे काय?

आत्ता तुमच्याकडे विषय आहे, कथानक अजून नाही. येणाऱ्या प्रश्नांत सगळ्यात जास्त गोंधळ इथेच दिसतो, म्हणून जरा सविस्तर.

पूर ही घटना आहे. तुमचं कुठलंही पात्र धरण फुटणं थांबवू शकत नाही, त्यामुळे नुसत्या पुरावर गोष्ट पुढे सरकत नाही. ती सरकते माणसांनी काय केलं आणि काय टाळलं यावर. अंबी नदीवरचं पानशेतचं धरण तेव्हा पुरतं बांधून झालेलं नव्हतं आणि त्या पावसाळ्यात त्यात पहिल्यांदाच पाणी साठत होतं. धरणाला धोका आहे हे आदल्या दिवशी तिथल्या लोकांना कळलं होतं, जवान वाळूची पोती रचत होते. शहर मात्र रोजच्यासारखं झोपलं. कादंबरीकाराने धरायची जागा ही: ज्याला आधी कळलं, त्याने कुणाला सांगितलं आणि कुणाला नाही?

आता त्या जागी माणूस उभा करू. दिगंबर, वय २६, धरणाच्या कामाशी संबंध येणाऱ्या एका कचेरीत कारकून. थोरला भाऊ वसंत नारायण पेठेत छापखाना चालवतो. मागे वाडा, वाड्यात भाडेकरू. ११ जुलैच्या संध्याकाळी दिगंबरच्या कानावर येतं. तो बायकोला आणि दागिन्यांच्या ट्रंकेला पर्वतीच्या बाजूला सासुरवाडीत पोचवतो, परत येतो, भावाच्या पंक्तीला जेवतो आणि काही बोलत नाही. का? नोकरीची भीती, की खोटं ठरलो तर हसं होईल ही लाज, की छापखान्याच्या वाटणीवरून धरलेला अबोला? प्रत्येक उत्तरातून वेगळी कादंबरी निघते. तुम्ही यातली कुठली लिहिणार हे ठरलं, की विषयाचं कथानक व्हायला लागतं.

पडताळा म्हणून एक वाक्य लिहून पाहा: कुणी, काय केलं किंवा केलं नाही, आणि त्याची किंमत कुणाला मोजावी लागली. वाक्यात माणसाचं नाव येत नसेल आणि फक्त "एका शहराची व्यथा" येत असेल, तर अजून विषयावरच आहात.

३. आधी आराखडा करावा की सुचेल तसं लिहीत जावं?

दोन्ही पद्धतींनी उत्तम कादंबऱ्या झाल्या आहेत आणि दोन्हींत पुष्कळ हस्तलिखितं अर्धवट पडली आहेत. हरिभाऊ आपटे 'करमणूक' या साप्ताहिकातून कादंबऱ्या क्रमशः देत होते. चार्ल्स डिकन्स दर महिन्याच्या हप्त्यासाठी एक कागद करी, त्याच्या एका बाजूला मनाशी केलेली चर्चा आणि दुसऱ्या बाजूला त्या हप्त्यातली प्रकरणं. म्हणजे हप्त्यांनी लिहिणाराही पुढचा विचार कुठेतरी टिपून ठेवतोच.

माझं मत असं: काळ जुना असेल, पात्रं बरीच असतील किंवा कुणाला काय कधी कळतं यावर गोष्ट उभी असेल, तर आराखडा हवाच. गोष्ट एकाच माणसाच्या आवाजात आणि थोड्या काळाची असेल, तर आधी वीस-तीस पानं लिहून आवाज सापडतो का ते पाहा आणि मग आराखड्याला बसा. आवाज सापडण्याआधी केलेला आराखडा अशा कादंबरीत फारसा टिकत नाही.

४. सुचण्यासाठी नेमकं काय करायचं? कोऱ्या वहीसमोर बसलं की काहीच येत नाही.

कोऱ्या वहीसमोर "कादंबरी सुचू दे" म्हणून बसू नका. एक अडलेली गाठ घ्या आणि तिची वीस उत्तरं लिहा. बरोबर-चूक, चांगलं-वाईट काही न पाहता वीस.

आपली गाठ: दिगंबर गप्प का राहिला? पहिली पाच-सहा उत्तरं झरझर येतात: नोकरी जाईल, खात्री नव्हती, भावाशी वाकडं होतं, घबराट पसरेल, वसंतने ऐकलं नसतं. ही उत्तरं सगळ्यांनाच सुचतात, कारण ती आपण वाचलेली-पाहिलेली असतात. सातव्या-आठव्यानंतर हात अडखळतो. तिथे उठू नका. अकरावं येतं: त्याने सांगितलं होतं, वसंतनेच हसण्यावारी नेलं आणि आता दोघंही ते नाकारतात. चौदावं: त्याने सांगितलं, पण फक्त वहिनीला, सुमनला. आणि तिने ते नवऱ्यापाशी बोललं नाही.

आता पहिल्या प्रश्नातलं दृश्य पुन्हा पाहा. चिखलात बसून खिळे धुणारी बाई सुमन आहे, आणि ती ते का करते आहे हे एकदम कळतं. तिला माहीत होतं. कादंबरी दिगंबरची वाटत होती, ती सुमनची निघाली. असं वळण पहिल्या पाच उत्तरांत कधी मिळत नाही, म्हणून वीस हा आकडा.

याखेरीज दोन गोष्टी उपयोगी पडतात. चालताना फोनवर स्वतःशी बोलून रेकॉर्ड करा, बोलताना वाक्यं सजवायचा मोह कमी होतो. आणि "या कादंबरीत काय होणार नाही" याची वेगळी यादी ठेवा. (उदाहरणार्थ: पुरात मूल वाहून जाणार नाही. शेवटी भाऊ-भाऊ गळ्यात पडणार नाहीत.) या यादीमुळे सोप्या वाटा आधीच बंद होतात.

५. कल्पना मित्रमंडळींना सांगावी का?

एकाच माणसाला सांगा, आणि त्याला मत द्यायला नको, फक्त प्रश्न विचारायला सांगा. दहा जणांना रंगवून सांगितली की सांगण्याचं समाधान मिळून जातं आणि लिहिण्याची ओढ ओसरते. चोरीची भीती असेल तर प्रश्न १५ पाहा.

६. पात्रांबद्दल किती ठरवून ठेवायचं? आवडता रंग, आवडता पदार्थ असे तक्ते भरायचे का?

रंगाचा तक्ता राहू द्या. मराठी घरातलं माणूस उभं करायला वेगळे प्रश्न लागतात. हा घरात कुठे झोपतो? याच्या हातात पैसे कोण देतं, आणि हिशेब कुणाला द्यावा लागतो? हा कुणाचं देणं लागतो? कुणासमोर याचा आवाज बदलतो? कोणती गोष्ट घरात सगळ्यांना ठाऊक आहे पण कुणी बोलत नाही?

आणि सगळ्यात महत्त्वाचं: कोण कुणाला काय म्हणतं, याचा एक कागद करा. १९६१ च्या पेठेतल्या या घरात सुमन दिराला "दिगूभावजी" म्हणेल आणि अहो-जाहो करेल, तो वयाने लहान असला तरी. तो तिला "वहिनी" म्हणेल. वसंतचं नाव ती घेणार नाही, "अहो" किंवा "हे" म्हणेल. जुळारी (खिळे जुळवून मजकूर लावणारा कामगार) वसंतला "मालक" म्हणेल. माडीवरच्या विधवा भाडेकरूला सगळा वाडा "आक्का" म्हणेल. बिऱ्हाड कोकणातून आलेलं असेल, देशावरचं असेल, मराठा, ब्राह्मण, साळी, ख्रिस्ती असेल, तशी ही हाका मारण्याची रीत बदलते, म्हणून ती ऐकून-विचारून पक्की करा.

या कागदाचा खरा फायदा पुढे होतो. पुरानंतर सहा महिन्यांनी भांडणात सुमनच्या तोंडून एकदाच "तुला माहीत होतं" असं निघतं. "तुम्हाला" नाही, "तुला". आधीच्या दोनशे पानांत तिने एकदाही दिराला अरे-तुरे केलेलं नसेल, तरच या एका शब्दाने वाचक चमकेल. हे लिहिता लिहिता आपोआप जमत नाही, आधी ठरवावं लागतं.

७. नावं-आडनावं कशी ठरवायची?

आपल्याकडे आडनाव वाचताच वाचक जात, गाव, भाग यांचा अंदाज बांधतो, म्हणून ते शेवटी चिकटवू नका. काही लेखक म्हणूनच आडनाव देतच नाहीत, तोही निर्णय आहे. पहिलं नाव जन्मसालाशी जुळवा: १९३० च्या आसपास जन्मलेल्या सुमन, कुसुम, मालती, वसंत, दिगंबर. आणि दोन मुख्य पात्रांची नावं एकाच अक्षराने सुरू करू नका. वसंत, विनायक आणि वामन एका खोलीत बोलायला लागले की वाचक पानं उलटून मागे जातो.

८. "मी" म्हणून लिहावं की तृतीयपुरुषी?

कोणाला किती माहीत आहे, यावरून ठरवा. सुमनला गुपित माहीत आहे. ती "मी" म्हणून सांगू लागली आणि तरीही दोनशे पानं ते दडवून ठेवलं, तर वाचकाला फसवल्यासारखं वाटेल. मग तीन वाटा उरतात: ती पहिल्याच प्रकरणात सांगून टाकते, किंवा तृतीयपुरुषी निवेदन वसंतच्या बाजूने चालतं, किंवा तेव्हा दहा वर्षांची असलेली तिची मुलगी मोठेपणी सांगते. मुलीने ऐकलं सगळं, पण समजलं उशिरा. मला यातली तिसरी वाट सगळ्यात सुपीक वाटते, कारण तिच्याकडे माहितीही आहे आणि अज्ञानही.

एक भाषिक अडचण ध्यानात घ्या. मराठीत "मी गेलो" किंवा "मी गेले" म्हणावंच लागतं. निवेदक बाई की पुरुष हे लपवून ठेवायची युक्ती करायची असेल, तर भूतकाळात ती पहिल्या काही वाक्यांतच उघडी पडते.

९. निवेदन प्रमाणभाषेत की बोलीत?

संवाद बोलीत आणि निवेदन प्रमाणात, ही सवयीची वाट आहे, पण ती एकच नाही. निवेदक पात्र असेल (प्रश्न ८) तर निवेदनही त्याच्या तोंडचंच हवं. जी बोली तुमच्या कानात लहानपणापासून नाही तिच्यात अख्खं निवेदन करू नका. नुसत्या "हाय-न्हाय"ने बोली होत नाही. तिची क्रियापदं, तिचा शब्दक्रम, तिच्यातले शिव्या आणि लाडाचे शब्द वेगळे असतात. आराखड्याच्या टप्प्यावर प्रत्येक महत्त्वाच्या पात्राचं एक पान नुसतं बोलणं लिहा. नाव झाकूनही कोण बोलतंय ते ओळखू आलं पाहिजे.

१०. कालरेषा कशी आखायची? तारखा ठरवणं इतकं गरजेचं आहे का?

खऱ्या घटनेभोवती लिहीत असाल तर हो. एका मोठ्या कागदावर तीन रकाने करा: जगात काय घडलं, घरात काय घडलं, कुणाला काय कळलं. तिसरा रकाना बरेच जण करत नाहीत आणि नेमके तिथेच फसतात. आपल्या कादंबरीत दिगंबरला ११ ला संध्याकाळी कळतं, सुमनला रात्री जेवणं झाल्यावर, वसंतला पाणी वाड्यात शिरल्यावर, आणि सुमनला आधी कळलं होतं हे वसंतला कितीतरी महिन्यांनी. सगळी कादंबरी या चार खुणांवर तोललेली आहे.

तारीख कळली की वार काढा आणि पंचांग उघडा. पंचांग हे मराठी कादंबरीकाराचं फार मोठं हत्यार आहे आणि ते फारच कमी जण वापरतात. १२ जुलै १९६१ हा बुधवार होता. त्या वर्षी ज्येष्ठ अधिक आला होता, त्यामुळे सगळे सण उशिरा होते. १२ ची रात्र अमावास्येची. शहरात वीज नव्हती आणि आकाशात चंद्रही नव्हता, म्हणजे पुरानंतरच्या पहिल्या रात्री तुमच्या पात्रांना कंदिलाच्या उजेडापलीकडे काही दिसणार नाही. "चांदण्यात चमकणारा चिखल" असं सुंदर वाक्य सुचलं असेल तर ते खोडावं लागेल. दुसऱ्या दिवशी आषाढ लागला. आषाढी एकादशी जुलैच्या शेवटच्या आठवड्यात होती, म्हणजे आळंदी-देहूच्या पालख्या पुण्यातला मुक्काम आटोपून पूर येण्याच्या काही दिवस आधीच पुढे गेलेल्या. वाड्यातली आक्का वारीला गेली असेल तर ती वाचली, आणि तिला परत येण्यासाठी घर नाही. हे पात्राचं भाग्य पंचांगातून निघालं, तुम्हाला ते रचावं लागलं नाही. गणपती त्या वर्षी सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात बसले. विस्थापित कुटुंबाने त्या वर्षी गणपती कुठे आणि कसा बसवला? हे एक पूर्ण प्रकरण आहे.

११. संशोधन किती करायचं आणि कुठे?

पुरेसं म्हणजे किती, याची खूण अशी: पात्र सकाळी उठल्यापासून रात्री झोपेपर्यंत कशाकशाला हात लावतं हे तुम्हाला न थांबता सांगता यायला हवं. धरणाचा घनफूटवार इतिहास दिगंबरला कदाचित ठाऊक असेल, सुमनला नाही. सुमनकडून सांगायचं असेल तर तुम्हालाही तो फारसा लागत नाही.

सुरुवात त्या दिवसांच्या वृत्तपत्रांपासून करा. मोठ्या ग्रंथालयांत जुने अंक बांधून किंवा मायक्रोफिल्मवर ठेवलेले असतात. बातमीपेक्षा छोट्या जाहिराती जास्त वाचा: भाव, नोकऱ्या, हरवल्या-सापडल्या. महाराष्ट्राचे जिल्हावार गॅझेटियर (जिल्ह्यांच्या माहितीचे सरकारी ग्रंथ) आणि मराठी विश्वकोश आता इंटरनेटवर वाचता येतात. जुन्या शब्दांसाठी मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश आहे. मग माणसं. पूर पाहिलेल्यांना "पूर कसा होता" विचारू नका, तेच ते ऐकायला मिळेल. "त्या दिवशी सकाळी घरात काय शिजत होतं", "घरातून निघताना हातात काय घेतलंत", "पिण्याचं पाणी नंतर कुठून आणत होता" असं विचारा.

सोबत एक आहे-नाहीची यादी ठेवा. १९६१ च्या पुण्यात लकडी पूल आहे, बाबा भिडे पूल नाही. नवे पैसे १९५७ पासून आले आहेत, पण तोंडात अजून आणे. आकाशवाणीचं पुणे केंद्र आहे, दूरदर्शन नाही, ते मुंबईत २ ऑक्टोबर १९७२ ला आलं. महाराष्ट्र राज्य जेमतेम एक वर्षाचं. पूरग्रस्तांसाठी उभारलेल्या अर्धगोल पत्र्याच्या निसेन हट आहेत. आणि छापखान्यात ट्रेडल (पायाने चालवायचं छपाईयंत्र), गॅली (जुळवलेले खिळे ठेवायचं तबक), खिळ्यांच्या केसा (खान्यांच्या पेट्या) आहेत. देवनागरीची केस म्हणजे जोडाक्षरं धरून शेकडो खाने. ते सगळे खिळे चिखलात एक झाले तर ते पुन्हा लावायला किती दिवस लागतील, हे एखाद्या जुन्या जुळाऱ्याला विचारून घ्या, कारण तुमचं मध्यवर्ती दृश्य त्यावर उभं आहे.

संशोधन संपेचना, अशी अडचण असेल तर प्रश्न १७.

१२. प्रकरणांचा आराखडा प्रत्यक्षात कसा दिसतो? किती लांबी धरायची?

प्रत्येक प्रकरणाला तीन-चार ओळी पुरतात: कुठे-कधी, कोण काय मिळवायला बघतंय, शेवटी काय बदललं. तिसरी ओळ लिहिता आली नाही तर ते प्रकरण बहुतेक वर्णन आहे, ते शेजारच्या प्रकरणात मुरवा. नमुना:

"प्रकरण ३. ११ जुलै, रात्र. स्वयंपाकघर. दिगंबरला मन मोकळं करायचं आहे, पण भावापाशी नाही. सुमन भांडी आवरते आहे. तो सांगतो. ती विचारते, 'ह्यांना सांगू?' तो म्हणतो, 'सकाळी बघू.' बदल: आता गुपित दोघांचं आहे."

यात वर्णन नाही, सुंदर वाक्य नाही, तरी लिहायला बसल्यावर काय लिहायचं ते स्पष्ट आहे.

लांबीचं म्हणाल तर छापील पानावर साधारण अडीचशे ते तीनशे शब्द बसतात. दोनशे पानांची कादंबरी म्हणजे पन्नास-साठ हजार शब्द. वीस-पंचवीस प्रकरणं धरली तर हिशेब सोपा होतो. दिवाळी अंकासाठी लिहीत असाल तर तिथे जागा यापेक्षा पुष्कळ कमी असते, संपादकांना आधीच विचारा आणि पात्रं तशीच मोजकी घ्या.

१३. शेवट आधी माहीत असायला हवा का?

शेवटचा प्रसंग माहीत नसला तरी चालतो, शेवटी काय मिटलेलं असेल आणि काय तसंच राहील हे माहीत हवं. आपल्या कादंबरीत वसंतला सत्य कळणार हे नक्की. तो सुमनला माफ करतो का, हे लिहिता लिहिता कळलं तर जास्त चांगलं.

१४. वही, कार्डं की कम्प्युटर?

ज्यात तुमचा हात अडत नाही ते. प्रकरणं मागेपुढे करून बघायची असतील तर कार्डं सोयीची. कम्प्युटरवर टिपणं ठेवत असाल तर युनिकोडमध्येच टाइप करा. जुन्या फॉन्टांत केलेलं टिपण शोधता येत नाही आणि दुसऱ्या मशीनवर उघडलं की अक्षरांची पार खिचडी होते.

१५. माझी कल्पना कुणी चोरली तर? आणि मी जुनं गाणं किंवा कविता वापरू शकतो का?

कॉपीराइट कायदा, १९५७ नुसार नुसत्या कल्पनेला संरक्षण नाही, ती ज्या शब्दांत मांडली त्यांना आहे, आणि ते लिहिल्याबरोबर मिळतं. नोंदणी सक्तीची नाही. "पुरातल्या घरातलं गुपित" ही कल्पना दहा जण लिहू शकतात, आणि दहा वेगळ्या कादंबऱ्या होतील. त्यामुळे चिंता सोडा, फक्त लिहिलेली प्रकरणं तारखेसह जपून ठेवा.

दुसऱ्याच्या ओळींबद्दल मात्र आराखड्यातच विचार करा. लेखकाच्या हयातीनंतर ६० वर्षांपर्यंत हक्क टिकतो. १९६१ मध्ये रेडिओवर लागलेल्या गाण्याचा नुसता उल्लेख करायला हरकत नाही, पण त्याच्या ओळी छापायच्या तर परवानगी लागू शकते. एखाद्या प्रकरणाचा कणाच गाण्याच्या ओळींवर असेल तर ही चौकशी आधी करा.

१६. गोष्ट माझ्याच घरातली आहे. किंवा त्यात खरे अधिकारी, पुढारी येतात. काय सांभाळायचं?

दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

घरातली असेल तर नाव बदलून भागत नाही, गावात सगळे ओळखतात. पात्राचं वय, धंदा, भावंडांची संख्या, घराचा भूगोल बदला आणि मुख्य म्हणजे गुपितच बदला. आत्याच्या आयुष्यातलं दुःख घ्या, तिची घटना घेऊ नका. असं केल्याने गोष्ट पातळ होत नाही, उलट तुम्हाला मोकळं लिहिता येतं, कारण "प्रत्यक्षात असं झालं नव्हतं" हा अडसर निघून जातो. आणि ती व्यक्ती हयात असेल तर छापण्याआधी तिच्याशी बोला. कायद्याचा मुद्दा बाजूला ठेवला तरी, जिच्या आयुष्यावर तुम्ही उभे आहात तिला ते दुकानातल्या पुस्तकातून कळू नये.

सार्वजनिक घटनेतल्या खऱ्या माणसांना जे नोंदलेलं आहे तेवढंच करू-बोलू द्या, कट, लाच, कुचराई असे आरोप कल्पनेने चिकटवू नका. आपल्याकडे कायद्याने मृत व्यक्तीचीही अब्रूनुकसानी होऊ शकते, जर ते लेखन तिच्या आप्तांच्या भावना दुखावण्यासाठी असेल. म्हणूनच आपला दिगंबर काल्पनिक कारकून आहे आणि त्याच्या कचेरीला नाव नाही. शंका असेल तर वकिलाला विचारा.

१७. दीड-दोन वर्षं आराखडाच करतोय. लिहायला कधी लागायचं?

तीन गोष्टी हातात आल्या की लागा: प्रश्न २ मधलं एक वाक्य, प्रश्न १० मधला "कुणाला काय कळलं" हा रकाना, आणि पहिल्या पाच प्रकरणांची टिपणं. बाकीच्या प्रकरणांना एकेक ओळ पुरे. राहिलेलं संशोधन लिहिता लिहिता करा. माहीत नसलेल्या जागी चौकटी कंस टाकून "[रॉकेलचा भाव?]" असं लिहा आणि पुढे चला.

संशोधन लांबवण्यामागे बऱ्याचदा पहिलं पान वाईट होईल ही धास्ती असते. मग तिसरं किंवा सातवं प्रकरण आधी लिहा, जे डोळ्यांसमोर सगळ्यात स्पष्ट आहे. पहिलं प्रकरण बहुतेकांना शेवटी पुन्हा लिहावंच लागतं.

१८. आराखडा एआयकडून करून घेतला तर?

प्रश्न ४ मधली पहिली पाच-सहा उत्तरं तुम्हाला त्यातून लगेच मिळतील. ती "काय होणार नाही" च्या यादीसाठी वापरा. तारखा, भाव, पंचांग यांसाठी त्याच्यावर विसंबू नका, मूळ कागद पाहा. आणि चौदावं उत्तर स्वतःच शोधा, कारण ते तुमच्या घरात, तुमच्या गावात ऐकलेल्या एखाद्या वाक्यातून येतं.

१९. अर्ध्यात आल्यावर पात्र आराखड्याबाहेर गेलं. आराखडा बदलू की पात्राला परत आणू?

आधी पाहा, नेमकं काय बदललं. समजा दिगंबरची बायको शालिनी आराखड्यात नुसती ट्रंकेसोबत माहेरी जाणारी होती. पण लिहिताना ती म्हणाली, "जाऊबाईंनाही सोबत नेऊ या की," आणि दिगंबरने नाही म्हटलं. आता शालिनीलाही काहीतरी माहीत आहे. हे पात्र बहकलेलं नाही, तुमच्या मूळ प्रश्नाचंच (कुणी कुणाला सांगितलं) उत्तर वाढलं आहे. हा बदल घ्या. उलट तीच शालिनी अचानक गायनाच्या परीक्षेला बसली आणि पुढची चाळीस पानं त्यात गेली, तर ती वेगळ्या कादंबरीतली आहे. ती पानं काढून दुसऱ्या वहीत ठेवा, फाडू नका.

बदल घेतलात तर लगेच मागे जाऊन दुरुस्त करत बसू नका. आराखड्याच्या वहीत तारीख टाकून लिहा: काय बदललं, कुणाला आता काय माहीत आहे, मागच्या कोणत्या प्रकरणांना हात लावावा लागेल. मग तो बदल आधीपासूनच होता असं धरून पुढचं प्रकरण लिहा. मागची प्रकरणं पहिला खर्डा पूर्ण झाल्यावर एकदम घ्या, कारण तोवर असे आणखी दोन-तीन बदल झालेले असतात.